सहाशे चाळीस साग आणि एक पाकळी

देवाच्या छातीवर जास्वंदीच्या दोन पाकळ्या चिकटवलेल्या होत्या आणि त्यातली उजवी आधी पडावी म्हणून आमची अख्खी वाडी श्वास रोखून उभी होती. श्वास रोखण्यात भक्ती होतीच, पण सोयही होती. पंख्याच्या किंवा माणसाच्या वाऱ्याने पडलेली पाकळी धरत नाहीत. त्यामुळे मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमाराला, देवळातले दोन्ही पंखे बंद होते आणि पन्नासेक माणसं घामाने थबथबून, तोंड मिटून रवळनाथाच्या दगडी बरगड्यांकडे टक लावून बघत होती.

उजवी पाकळी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. याला आमच्या सिंधुदुर्गात कौल लावणं म्हणतात. विहीर कुठे खणायची, पोरीला कुठे द्यायची, भावाशी कोर्टात जायचं की जेवायला बोलवायचं, सगळं देवाला विचारून होतं. त्या दिवशी विचारलं होतं ते असं, की वाडीमागच्या डोंगरावरचे सहाशे चाळीस साग तोडून परदेशी पाठवायचे आहेत, पाठवू का?

माझ्या शेजारी वर्गीस मॅडम उभ्या होत्या. झाडं नीतीने वाढवली आहेत की नाहीत हे तपासायला त्या बंगळूरहून आल्या होत्या. त्यांनी मला हिंदीत कुजबुजत विचारलं, साधारण किती वेळ लागतो. मी म्हटलं, ते देवावर आहे. त्यांनी तेही लिहून घेतलं.

हा सगळा प्रकार माझ्या डोक्यातून निघाला होता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि माझं डोकं चालतं असा माझा समज होता.

आबा, म्हणजे माझे वडील, गावचे पोस्टमास्तर. मी चार वर्षांचा असताना पुण्याची एक कंपनी गावात आली होती. तिचं नाव मी घेत नाही. पुढे कंपनीनेही ते घ्यायचं सोडलं. तिच्या गुळगुळीत कागदावर एका बाजूला सागाचं रोप होतं, दुसऱ्या बाजूला बंगला होता आणि मध्ये बाण काढून 'वीस वर्षे' असं लिहिलं होतं. वीस वर्षांनी लाकूड युरोपात जाणार, तोडलेल्या एका झाडामागे दोन नवी लागणार, जंगलाला धक्का नाही, माणसाला तोटा नाही. ज्या योजनेत कोणाचाच तोटा नाही ती ऐकून खरं तर तिथूनच उठायला हवं होतं. आबा उठले, पण घरोघर जायला. डोंगरउताराची आमची वरकस, भात न पिकणारी जमीन त्यांनी दिली, आणि रोपं, कुंपण, पाण्याची टाकी यासाठी वाडीने पैसे घातले. कंपनीला कोणी ओळखत नव्हतं. लोकांनी पैसे घातले ते पोस्टमास्तर सांगतायत म्हणून.

दीड वर्षात कंपनीचा फोन लागेनासा झाला. आबांनी पत्रं पाठवली. ती 'पत्त्यावर कोणी राहत नाही' असा शेरा घेऊन परत आली. परत आलेलं पत्र पाठवणाऱ्याच्या हातात द्यायचं काम पोस्टमास्तरचं. आबा ते पत्र रीतसर नोंदवून घेत, स्वतःला देत, आणि पोचल्याबद्दल स्वतःची सही घेत. अशी चौदा पत्रं त्यांनी स्वतःला वेळेवर पोचवली.

वाडीत त्यावरून कोणी एक शब्द बोललं नाही. कोणी दारात येऊन आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर आबांना चार घास सुखाचे गेले असते. पण आबांनी कोणाच्या पडवीत पाय ठेवला की लोक घाईघाईने हवापाण्याचं काढायचे. झाड हा शब्दच आबांच्या समोर कोणी उच्चारायचं नाही. बाबल परब तर स्वतःच्या दारातल्या फणसालाही आबा असेपर्यंत 'तो आमचो भायलो' म्हणायचा. म्हणजे बाहेरचा. शेवटी आबांनी लोकांकडे जाणं सोडलं आणि डोंगरावर जायला लागले. शिंप्याची टेप घेऊन दर रविवारी झाडांचा घेर मोजायचे. सागाचा घेर आठवड्यात वाढत नाही हे त्यांना माहीत होतं. आई म्हणायची, वाढला नाही तर नाही, निदान रविवार तरी सरतो.

आणि मग वीस वर्षांनी, कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं अगदी तेव्हाच, एक खरा निर्यातदार खरोखर आला.

तो सागाच्या खुर्च्या करून डेन्मार्कला पाठवायचा. तिथली माणसं म्हणे खुर्च्या अंगणात, पावसात ठेवतात. माणूस आत बसतो आणि खुर्ची भिजते. असं का करतात ते मी विचारलं नाही, कारण गिऱ्हाइकाला फार विचारू नये. त्याने डोंगर पाहिला, चार झाडांवर थापट्या मारल्या, आणि म्हणाला, माल एक नंबर आहे, सगळा उचलतो. फक्त दाखला लागेल. डेन्मार्कच्या माणसाला चोरून तोडलेलं, कोणाच्या तोंडचा घास काढून वाढवलेलं लाकूड चालत नाही. लाकडाचं चारित्र्य स्वच्छ लागतं.

त्या रात्री आबा नीट जेवले. एवढंच सांगतो. आबा एकाहत्तर वर्षांचे होते. वाडीचे पैसे वाडीला परत मिळाले की पुन्हा कोणाच्याही पडवीत जाऊन झाडाविषयी बोलता येईल, हे एकच त्यांना हवं होतं. पैशाने आपण काय घेऊ याचा विचार त्यांनी केलेला मला कधी दिसला नाही.

चारित्र्याच्या दाखल्याचा अर्ज बासष्ट पानांचा होता. मी पुण्यातली नोकरी गेल्यामुळे घरी होतो आणि वाडीत इंग्रजी वाचणारा मीच, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. शंभरापैकी सत्तर गुण मिळाले की दाखला. आम्ही कामाला लागलो. कामगारांना हेल्मेट हवीत असं होतं. आमच्याकडे कामगार नव्हते, पण हेल्मेट आणली. त्यातलं एक बाबल परबाने नारळ काढायला नेलं, ते अजून त्याच्याकडे आहे. जंगलात तक्रारपेटी हवी होती. मी पत्र्याची पेटी करून सातव्या ओळीतल्या सागाला ठोकली. महिनाभरात तीन तक्रारी आल्या, त्यातल्या दोन एस.टी.च्या वेळेबद्दल होत्या आणि एक माझ्याबद्दल. सर्पदंशाची नोंदवही हवी होती. ती ठेवली, पण कोणाला साप चावेना, आणि कोरी वही दाखवली तर ठेवलेलीच नाही असं वाटेल म्हणून मी दोन किरकोळ साप लिहिले.

एवढं करून बेरीज सहासष्टावर येऊन थांबली.

तेव्हा एक्केचाळिसाव्या पानावर मला ते वाक्य दिसलं. झाडं तोडायला स्थानिक समाजाची मोकळेपणाने दिलेली संमती हवी. ही संमती पारंपरिक पद्धतीने घेतली जात असेल आणि ती तपासनिसाला प्रत्यक्ष दाखवली तर जादा गुण पाच.

मी अर्ज घेऊन आबांकडे पळत गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. मी कौलाचं सांगितलं. आबा पोस्टात असल्यापासून घरीही शुद्ध बोलत. ते म्हणाले, "देवाला कशाला यात घालतोस?"

"पाच गुणांसाठी, आबा."

"आणि नाही म्हणाला तर?"

"कोण?"

"देव."

मला हसू आलं. मी त्यांना आमच्या देवाचा पूर्वेतिहास ऐकवला. नळपाणी योजनेचा कौल उजवा. मोबाइलच्या मनोऱ्याचा उजवा. बाबल परबाच्या साठीतल्या दुसऱ्या लग्नाचासुद्धा उजवा. जो देव त्या लग्नाला हो म्हणाला तो खुर्च्यांना का अडवेल? आणि वाडीत एक माणूस दाखवा ज्याला हे लाकूड जायला नको आहे. देव म्हणजे तरी कोण, वाडीचाच ना?

आबांनी उरलेली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "भिकाजीला सांगावं लागेल."

भिकाजी म्हणजे देवळाचा गुरव. गाऱ्हाणं तो घालतो, पाकळ्या तो लावतो. मी म्हटलं, चला, आत्ताच जाऊन येऊ. आबा म्हणाले, तूच जा. मी गेलो. भिकाजी देवळात समया घासत होता. बुधवारी अकरा वाजता कौल लावायचा आहे, बंगळूरची पाहुणी येणार आहे, तेव्हा जरा वेळेवर, असं मी त्याला सांगितलं. तो "बरां" म्हणाला. काम दोन मिनिटांत झालं. आपल्याला असली कामं जमतात असं वाटून मी येताना शीळ घातल्याचंही आठवतं.

बुधवारी सगळी वाडी देवळात. इस्त्रीचे शर्ट, बायकांच्या डोक्यात अबोली. आबा खांबाला टेकून उभे. पोस्टाच्या निरोपसमारंभाला घातलेला कोट त्यांनी त्या उकाड्यात घातला होता.

भिकाजीने ओल्या हाताने पाकळ्या लावल्या, मागे सरकला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"डोंगरावरची झाडां तोडून परमुलखाक धाडूची, असा त्यांच्या मनात आसा."

"व्हय म्हाराजा."

"तर तुझ्या मनात काय आसा, ता सांग."

"व्हय म्हाराजा."

मॅडमनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, सगळे हो म्हणतायत. त्यांनी लिहिलं: एकमत, तीन वेळा. माझ्या डोळ्यांसमोर पाचच्या पाच गुण आले.

त्यानंतर चाळीस मिनिटं काहीही झालं नाही.

चाळीस मिनिटं पाकळीकडे बघितलं की माणसाला काय काय दिसतं ते सांगत नाही. मला एकदा ती वर सरकल्यासारखी वाटली. पंचविसाव्या मिनिटाला एक माशी आली आणि उजव्या पाकळीवर बसली. अख्ख्या देवळाला एकदम त्या माशीबद्दल माया वाटू लागली. माझ्या मागे कोणीतरी अगदी हळू म्हणालं, माशीच्या भाराने पडली तर धरतात काय? दुसऱ्या कोणीतरी तितक्याच हळू सांगितलं, माशी धाडली कोणी, देवानेच ना? मग तिसरा म्हणाला, गप ऱ्हवा रे. माशीने पाय चोळले, पाकळीवर एक फेरी मारली, आणि उडून वर्गीस मॅडमच्या वहीवर जाऊन बसली.

आणि डावी पाकळी पडली.

ती सरळ खालीही आली नाही. देवाच्या पोटाशी जरा अडली, जसं काही विचार करायला वेळ घेतला, आणि मग पायांवर आली. उजवी होती तिथेच होती. ती दुसऱ्या दिवशी वाळून पडली म्हणे.

"डावो," भिकाजी म्हणाला.

मी आबांकडे बघितलं नाही. कोटाची बटणं सोडतानाचा आवाज मात्र ऐकू आला, एक एक करून.

वर्गीस मॅडमनी विचारलं, या निर्णयावर अपील करता येतं का. मी भिकाजीला विचारलं. तो पाकळी उचलून केळीच्या पानावर ठेवत होता. वर न बघता म्हणाला, "एकदा इचारलेला परत इचारूचा नाय. देवाक ऐकाक येता."

मी भाषांतर केलं. मॅडमचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो मळे पाहिले होते, पण संमती मागितल्यावर समाजाला खरोखर नाही म्हणता येतं, आणि ते ऐकलं जातं, असं ठिकाण त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. सगळीकडे संमती म्हणजे सह्यांचा कागद असतो, त्या म्हणाल्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

दाखला तीन आठवड्यांनी आला. शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर. संमतीच्या सदरात तर त्यांनी खास टीप लिहून गुण वाढवले होते. आमचा डोंगर म्हणे त्या वर्षीच्या उत्तम मळ्यांत धरला गेला. अट एकच होती: स्थानिक समाजाचा निर्णय बंधनकारक राहील, म्हणजे झाडं तोडता येणार नाहीत. मी निर्यातदाराला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, एवढं सज्जन लाकूड मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि फोन ठेवला.

दाखला गेला खड्ड्यात, कुठल्याही मिलला विकू, असंही मी म्हणून बघितलं. पण डाव्या कौलावर कुऱ्हाड उचलणार कोण? बाहेरचे कामगार आणायचे तर पंचक्रोशी रवळनाथाचीच. मग वाडीची बैठक बसली. परत तेच विचारता येत नाही ना, मग वेगळं विचारू, असं ठरलं. सगळे नको म्हणाला असेल, निम्मे विचारू. तोडायला नको म्हणाला, उपटायला विचारू. एकाने मांडलं, की आपण काही करायचं नाही, पण झाड आपलं आपण पडलं तर, असं विचारू. बाबल म्हणाला, ते झाडाला विचारायला लागेल. प्रत्येक प्रश्न घेऊन माणूस भिकाजीकडे जायचा आणि भिकाजी शांतपणे म्हणायचा, ह्या त्याच झाला. हे तेच झालं. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं.

पुढे एका वर्षी वादळ झालं. वाडीतले सत्तावीस माड गेले, पोफळी गेल्या, शाळेची कौलं उडाली. लोक पहाटे डोंगरावर आशेने धावले. एकही साग पडला नव्हता. एवढी चांगली निगा आबांनी राखली होती.

पण ते नंतरचं. कौलानंतरच्या दिवसांत वाडीने जे केलं ते जास्त वाईट होतं. लोकांनी आबांना समजून घेतलं. आबा दिसले की आधी ते झाडाविषयी बोलत नसत, आता देवाविषयीही बोलेनासे झाले. आमच्या गावात झाड आणि देव वजा केला तर बोलायला एस.टी. उरते. बाबल परब आबांशी वीस मिनिटं एस.टी.वर बोलल्याचं मी ऐकलं आहे. आबा घरी येऊन आईला म्हणाले, गाडीचं नवीन वेळापत्रक मला पाठ झालं.

मी त्यांच्यासमोर जायचं टाळत होतो. माझ्यावर ओरडायचा त्यांचा हक्क होता, तो त्यांनी वापरला नाही.

कौलानंतर पंधरवड्याने एका सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चल."

कुठे ते सांगितलं नाही. आम्ही वाडीतून खाली निघालो. सावंतांचं घर गेलं, परबांचं गेलं. आबा मध्येच म्हणाले, "आपलं सोडून वाडीत घरं किती?"

"बारा."

"आणि मी त्या वेळी कंपनीचे कागद घेऊन किती घरांत गेलो?"

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की वाडी म्हणजे वाडी.

"अकरा," आबा म्हणाले.

चालता चालता त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी कागद पिशवीत घालून ते वरच्या घरापासून निघाले. एकेक घर करत देवळाच्या कोपऱ्यापर्यंत आले. तिथून पुढे एकच घर, गुरवाचं. भिकाजीचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. दक्षिणेच्या नारळांवर घर चालायचं. आबा त्या कोपऱ्यावर उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, याच्याकडे कुठले पैसे? गेलो तर बिचाऱ्याला तोंडाने नाही म्हणावं लागेल, बायकोदेखत मान खाली जाईल. कशाला ओशाळं करायचं? आणि ते तिथून मागे वळले.

"मला वाटलं, मी त्याचा मान राखला," आबा म्हणाले.

माझ्या डोक्यात जे यायचं ते आलंच. मी विचारलं, म्हणजे पाकळी त्याने...?

आबा रस्त्यात थांबले. "हे परत बोलायचं नाही. त्या देवळात मी पन्नास वर्षं उभा राहतोय. त्याचा हात मी बघितलाय."

"मग आपण कशाला चाललोय?"

"विचारायला."

भिकाजी पडवीत बसून झाडूसाठी माडाच्या झावळीचे हीर काढत होता. आम्हाला बघून उठला, चटई टाकली, आत चहा सांगितला. आबा बसले. मग आबांनी हिराच्या झाडूला काय भाव येतो ते विचारलं. उन्हाळा यंदा कडक आहे असं म्हणाले. गाडीचं नवीन वेळापत्रक भिकाजीला सांगितलं. एवढं सगळं झाल्यावर आतून स्टोव्हचा आवाज तेवढा उरला, आणि आबा म्हणाले, "भिकाजी, त्या झाडांत तुझा एक वाटा धरावा म्हणतो. माझ्यातला. कधी तोडली जातील, न जातील. पण वाट्यात तुझं नाव असावं. तुला चालेल का?"

भिकाजीची सुरी थांबली नाही. एक हीर काढला, दुसरा काढला.

"वीस वर्सांमागे तुमी इचारलां असतां, मास्तरानू, तर मी नायच म्हटलां असतां. पैशे खंय होते माझ्याकडे?" त्याने हीर जुडीत ठेवला. "पन इचारूक व्हया होतां."

"चुकलं माझं. आता विचारतोय."

तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला कळलं असतं काय करायचं ते. पुस्तकाचं पान वाचून दाखवावं तसं त्याने सांगितलं, "आता मी व्हय म्हटलां तर लोक म्हणतले, देवान पैशे खाल्ल्यान. नाय म्हटलां तर म्हणतले, गुरवान डूख धरल्यान. आता माका कायच बोलाक येवचा नाय. तुमी माझ्या तोंडाक कुलूप घातलात."

बुधवारचं फर्मान घेऊन मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हाचा माझा तो 'जरा वेळेवर' मला आठवत होता. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. भिकाजीने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

"मग मी काय करू, भिकाजी?" आबा म्हणाले.

वाडीत कोणालाही आबांनी असं विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतर सहा वर्षं जगले तेवढ्यात पुन्हाही नाही. भिकाजीने खरंच विचार केला.

"माका काय म्हायत?" तो म्हणाला. "मी देवाक तेवढा इचारतंय."

त्याची बायको चहा घेऊन आली. कोरा, कपबशी नवी. त्यात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता. पाहुण्याला असाच देतात, आणि आम्ही तर पहिल्यांदाच त्या घरात आलो होतो. आबांनी मला डोळ्याने खुणावलं. आम्ही दोघं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. तिने आणखी आणला, तोही प्यालो, कारण त्या घरात नाही म्हणायची आमची सोय उरली नव्हती.